सरांचा थर्मास आणि सचिवांचा पेढा

"गुरुजी भाषणाला उभे राहिले आणि बोलता बोलता भोवळ येऊन व्यासपीठावर कोसळले. मंडपात एकच हलकल्लोळ उडाला. तेवढ्यात सत्कार समितीच्या सचिवांनी प्रसंगावधान राखून नरसीहून आणलेला प्रसादाचा पेढा गुरुजींच्या मुखात घातला. पेढा जिभेवर विरघळला आणि गुरुजींनी हसतमुखाने डोळे उघडले. याच गडबडीत विज्ञानाच्या सरांनी घाबरून गुरुजींच्या मांडीत कसलीशी सुई टोचली. सुदैवाने तिच्यामुळे काही अपाय झाला नाही."

आमच्या गावच्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत, पान एकोणचाळीसवर, हा मजकूर छापून आला आहे. त्यातले गुरुजी म्हणजे मी. बत्तीस वर्षे मी या शाळेत मराठी शिकवले, त्यांपैकी अकरा वर्षे मुख्याध्यापक होतो, आणि निबंध किती तपासले याची गणती नाही. त्या अधिकाराने सांगतो, की वरील मजकुरात विरामचिन्हे तेवढी बरोबर आहेत.

मी कोसळलो नाही. मी कलंडलो, आणि तेही खुर्चीच्या दिशेने. हसतमुखाने तर मी आयुष्यात कधी डोळे उघडलेले नाहीत. माझ्या पत्नीला विचारावे. सर घाबरले नव्हते. मजकुराचे लेखक खुद्द सचिवच असल्याने 'प्रसंगावधान राखून' हे शब्द त्यांनी स्वतःविषयी स्वतःच्याच हाताने लिहिले आहेत, आणि त्या धैर्याबद्दल मी त्यांचे अभिनंदन करतो. राहिला पेढा. त्याचा समाचार मी शेवटी घेणार आहे.

कोणी म्हणेल, एका पेढ्यासाठी म्हातारा एवढे कागद का काळे करतो. कारण सांगतो. बसथांब्याजवळच्या किराणा दुकानात थंड पेयांचा फ्रीज आहे. त्याच्या सर्वांत वरच्या कप्प्यात, कोपऱ्यात, गेली नऊ वर्षे एक नारिंगी डबी ठेवलेली असते आणि त्या डबीत एक इंजेक्शन असते. सरांनीच ते ठेवले आणि मुदत संपेल तेव्हा सरांनीच बदलले. सर आता नाहीत. दुकानदाराला कप्पा मोकळा हवा आहे. गेल्या महिन्यात ग्रामपंचायतीत विषय निघाला तेव्हा आमचे सचिव, जे पंचायतीचे सदस्यही आहेत, म्हणाले, "गुरुजी पेढ्यानं उठले, साऱ्या गावानं पाह्यलं. मंग सुईची तकलीफ काहून?" माना हलल्या. येत्या ग्रामसभेत डबी काढून टाकण्याचा ठराव येणार आहे.

त्याच संध्याकाळी तांड्यावरची अंगणवाडीताई माझ्या ओट्यावर येऊन बसली. ती माझी विद्यार्थिनी. तिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही; अकरा वर्षांची असल्यापासून ती ते रोज टोचून घेते. आता दोन लेकरांची आई आहे. चहा नको म्हणाली, पाणी नको म्हणाली. मग म्हणाली, "गुरुजी, उद्या मी पडले तं हे लोक माझ्याबी तोंडात पेढा कोंबतील. बेशुद्ध माणसाला गिळता येत न्हाई, श्वासात अडकतं. तुमी गप बसले म्हणून तो पेढा खरा झाला."

मला कोणी असे बोललेले मी सहसा ऐकून घेत नाही. त्या दिवशी घेतले. म्हणून हे लिहितो आहे.

तर आधी सर कोण होते ते सांगणे भाग आहे, कारण त्यांच्याविषयीही गावात तीन आवृत्त्या फिरतात आणि तिन्ही दुरुस्तीस पात्र आहेत.

सर उंच, किडकिडीत आणि कायम घाईत. पांढऱ्या बुशशर्टला दोन खिसे. डाव्यात साखर मोजायचे यंत्र, उजव्यात लिमलेटच्या गोळ्या. कोणी समोर आले की ते रामराम, नमस्कार, जयभीम, सलाम यांतले काहीही म्हणत नसत. म्हणत, "उपाशी का जेवून?" उत्तर मिळाले की त्यांच्या लेखी कुशलप्रश्न संपला. साऱ्या गावाला याची सवय झाली होती. सेनगावच्या गाडीचा कंडक्टर तर सर पायरीवर चढतानाच "जेवून" म्हणायचा आणि मग तिकीट द्यायचा. बाहेरगावहून आलेल्या नव्या सुना मात्र घाबरून सासूला विचारत, की या पाहुण्यांना पान वाढायचे आहे का.

पहिली आवृत्ती अशी, की सर वेडे होते. ज्या गावात पाण्याच्या टाकीच्या जागेवरून दोन पिढ्या एकमेकांशी बोलत नाहीत, त्या गावाने दुसऱ्या कोणाला वेडे ठरवावे हे मला मान्य नाही. एवढे म्हणून मी ती आवृत्ती निकालात काढतो.

दुसरी आवृत्ती करुण आहे. सरांची पत्नी म्हणे ऐन तारुण्यात साखरेने गेली आणि त्या दुःखातून सरांनी हा वसा घेतला. वहिनी माझ्यापेक्षा ठणठणीत आहेत. ही कहाणी त्यांनी बचत गटाच्या बैठकीत एका पाहुणीच्या तोंडून स्वतः ऐकली, शेवटपर्यंत ऐकली, पदराने डोळे टिपले आणि म्हणाल्या, "लई वाईट झालं बिचारीचं."

तिसरी आवृत्ती ही, की ते औषध कंपनीचे दलाल होते. ही पसरवणाऱ्याने सरांची चप्पल पाहिलेली नाही.

खरे कारण मला ठाऊक आहे, कारण ते घडले तेव्हा शिक्षकांच्या खोलीत मी समोरच बसलो होतो. विज्ञानाचे नवे पाठ्यपुस्तक आले होते. सर ते चाळता चाळता थांबले, मागे गेले, पुन्हा पुढे आले आणि चष्मा काढून म्हणाले, "गुरुजी, अन्याय हाय."

"कोणावर?"

"ग्लुकॅगॉनवर. इन्सुलिनला दीड पान, चित्रासकट. ग्लुकॅगॉनला दोन ओळी. दोघं एकाच स्वादुपिंडातले, शेजारी शेजारी राहणारे. एक साखर खाली आणतो, एक वर नेतो. आधी तं त्याला इन्सुलिनमधला मळ समजून राहिले होते लोक. आणि आता दोन ओळी."

मी म्हणालो, की पाठ्यपुस्तकात दोन ओळी मिळालेले कवीही मी शिकवतो, त्यांनी कधी तक्रार केलेली नाही. सरांनी माझ्याकडे दयेने पाहिले. "गुरुजी, आपुन परभणी जिल्ह्यात होतो तवा हिंगोलीला कोण विचारत होतं? वेगळा जिल्हा झाला तवा कुठं नकाशावर नाव आलं. तुमाला तरी कळाया पाहिजे." त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात ग्लुकॅगॉनवर एक पानभर मजकूर लिहिला, हिंगोलीहून त्याच्या प्रती काढून आणल्या आणि डिंकाने वर्गातल्या एकूण एक पुस्तकात चिकटवल्या. त्या मजकुरातली तीन वाक्ये मी सुधारून दिली होती, ही गोष्ट स्मरणिकेत आलेली नाही.

त्या काळात मला स्वतःला मधुमेह नव्हता, म्हणून मी या विषयाकडे तुच्छतेने पाहत असे. मग तो झाला. मी पथ्य काटेकोर पाळले, जसे मी सर्व काही पाळतो. रात्री एक ज्वारीची भाकरी, वाटीभर वरण, आणि झोप. तरी सकाळी उपाशीपोटी रक्त तपासले की साखर दोनशेच्या वर. मी हिंगोलीच्या रक्त तपासणाऱ्या तंत्रज्ञाशी दोन वेळा भांडलो. तिसऱ्या वेळी त्याने मला पाहताच यंत्राकडे बोट दाखवले आणि स्वतः मागच्या दाराने निघून गेला. अखेर मी सरांकडे गेलो.

"उपाशी का जेवून?"

"उपाशी. आणि तोच तर प्रश्न आहे. मी रात्रभर काही खाल्लेले नाही, तर ही साखर आली कोठून?"

सर इतके आनंदले, की त्यांनी मला खाटेवर बसवून स्वतः जमिनीवर बसकण मारली. "तुमी न्हाई खाल्लं, गुरुजी. पण तुमचं लिव्हर तुमाला जेवू घालून राहिलं ना रातभर. पहिले गावात पेव असायचे का न्हाई? जमिनीत खड्डा, त्यात ज्वारी भरून ठेवायची. लिव्हर म्हणजे पेव. जेवण झालं की इन्सुलिन ओरडतो, भरा रे पेव. भूक लागली, झोपेत तास गेले, की ग्लुकॅगॉन म्हणतो, काढा रे थोडी. असं दोघांचं चालू राहते. आता तुमच्यात इन्सुलिनचा आवाज बसला. ग्लुकॅगॉनला थांब म्हणणारं कोणी राहिलं न्हाई. तो काढूनच राहिला, काढूनच राहिला. म्हणून सकाळी दोनशे."

"म्हणजे तो चोर आहे."

सर दुखावले. "चोर काहून म्हणता? त्याला कोणी थांबवलं न्हाई, हा काय त्याचा गुन्हा हाय?"

मी बत्तीस वर्षे सहशिक्षकांशी वाद घातले. त्यात निरुत्तर झालो ते तीनदा, आणि त्यांपैकी एकदा एका संप्रेरकाच्या वकिलीपुढे.

सरांची सहा एकर शेती होती. गावात ट्रॅक्टर आले तरी सरांनी बैलजोडी मोडली नाही. उजव्या बैलाचे नाव इन्सुलिन, डाव्याचे ग्लुकॅगॉन. पोळ्याला नवी झूल एकच शिवली तर ती डाव्याच्या अंगावर पडे. गावातल्या पोरांना ते नाव पेलत नसे, म्हणून ती त्या बैलाला गुलकंद म्हणत आणि मागाहून सरांनाही म्हणू लागली. मधुमेहाविषयी तळमळणाऱ्या माणसाला गाव गुलकंद सर म्हणत असे, आणि सर ओ देत.

एका वर्षी पंचायतीने मधुमेहाचे शिबिर ठेवले. सरांनी भाषण नाकारले आणि बैलगाडी आणली. सरपंचांना गाडीत बसवले, जुवाला एकटा ग्लुकॅगॉन जुंपला, जुवाचे दुसरे टोक दोराने दांडीला आवळले आणि इन्सुलिनला निंबाखाली बांधून ठेवले. "पाहा," असे म्हणून त्यांनी बैलाच्या पाठीवर थाप मारली. गाडी सरळ जाईना. ती डावीकडून रेटली जाऊन गोल फिरली, पाराभोवती तीन वेढे झाले, चौथ्याला वेग आला, आणि सरपंच गाडीसकट मळणीनंतर उरलेल्या सोयाबीनच्या कुटाराच्या ढिगात शिरले.

"हा झाला मधुमेह," सर म्हणाले. "एक बैल बसला, दुसरा एकटाच ओढून राहिला."

कुटारातून आवाज आला, "सर, हे तोंडानं सांगितलं असतं तं भागलं नसतं का?"

"तोंडानं बावीस वर्षं सांगून राहिलो, सरपंच. तुमी आज पहिल्यांदा ऐकलं."

गर्दीतून कोणीतरी विचारले, की उलट केले, उजवा एकटा जुंपला, तर काय होते. सरांचा चेहरा एकदम गंभीर झाला. "इन्सुलिनची सुई घ्यायची आणि जेवायचं न्हाई, असं केलं की तसं होते. तो प्रयोग मी करून दाखवणार न्हाई. त्या बाजूला विहीर हाय."

निवृत्तीच्या वेळी शाळेने सरांना रुंद तोंडाचा थर्मास दिला. चहासाठी दिला होता. सरांनी त्यात थंड पाण्याची पिशवी घातली, तिच्या पोटात नारिंगी डबी ठेवली, आणि त्या दिवसापासून कोठेही माणसे जमायची असली, की सर फ्रीजमधली डबी थर्मासात घेऊन हजर होत, कारण आमच्याकडच्या उन्हात ते औषध टिकत नाही. डबी नांदेडहून येई, एस.टी.च्या चालकाच्या हाती. तिच्यात काचेच्या कुपीत पांढरी भुकटी आणि पाणी भरलेली सुई. तो कारखान्यात बनवलेला ग्लुकॅगॉन. लग्नात लोक म्हणत, "सर, पाजा की चहा." सर म्हणत, "हा चहा बेशुद्धासाठी हाय. शुद्धीत असेल त्याला गोळी, बेशुद्ध असेल त्याला सुई. तोंडात काही घालायचं न्हाई." हे वाक्य ते इतक्या वेळा म्हणत, की एका लग्नात मंगलाष्टकांच्या मध्ये भटजींनीच ते चुकून सुरू केले होते, असे सांगतात. ही आवृत्ती मी तपासलेली नाही, पण मला ती आवडते.

मुदत संपलेल्या डब्या ते टाकत नसत. शाळेच्या व्हरांड्यात लाल भोपळा ठेवून गावकऱ्यांकडून त्याला टोचून घेत. भुकटीत पाणी सोडा, कुपी हलके फिरवा, परत ओढून घ्या, भोपळ्याला टोचा, भोपळा कुशीवर वळवा. कुशीवर का, तर शुद्धीवर येताना माणूस उलटी करतो. सचिवांनाही त्यांनी बोलावले होते. सचिव म्हणाले, "आमी भोपळ्याची भाजी खातो, सर. त्याला सुई देत न्हाई." अंगणवाडीताई मात्र दर वेळी येत असे आणि भोपळ्याशी अत्यंत गांभीर्याने वागत असे.

आता माझा सत्कार.

मला पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली तेव्हा माजी विद्यार्थ्यांनी समारंभ ठेवला. पत्रिकेत छापले होते: सत्कार अकरा वाजता, भोजन साडेबारा वाजता. तोवर मीही दोन वेळा इन्सुलिन टोचून घेणाऱ्यांत जमा झालो होतो. सव्वाबाराला मी मंडपाच्या मागे गेलो, पत्रावळी मांडल्या गेल्याचे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, वरणाचा वास घेतला आणि मुख्याध्यापकांच्या खोलीत बसून सुई घेतली. माझ्या हिशेबात कोणतीही चूक नव्हती. चूक एवढीच, की प्रमुख पाहुणे यायचे होते, आणि पाहुण्यांच्या आधी आमच्याकडे पान वाढले जात नाही. पाहुणे औंढ्याहून निघाल्याचा फोन आला. मग शिरड शहापूर ओलांडल्याचा आला. मग, ते पुन्हा औंढ्यातच असल्याचा आला. दर वेळी सचिव ध्वनिक्षेपकावर सांगत, "पाच मिनिटांत पोहोचून राहिले."

सर पहिल्या रांगेत थर्मास मांडीवर घेऊन बसले होते. एक वाजता त्यांनी अंगणवाडीताईच्या हाती वर एक चिठ्ठी आणि लिमलेटची गोळी पाठवली. चिठ्ठीत लिहिले होते: "सुई घेतली ना? खा." मी त्याच कागदाच्या पाठीवर उत्तर लिहिले: "व्यासपीठावर गोळी चघळणे अशोभनीय आहे," आणि गोळी परत पाठवली. थोड्या वेळाने दोन गोळ्या आल्या, सोबत चिठ्ठी: "अशोभनीय काय असते ते तासाभरात कळेल." त्याही मी परत पाठवल्या. मग सर उभे राहून, चारशे माणसांदेखत, हात पाण्यात बुडतो तसा खाली नेऊन दाखवू लागले. मला कळले, की ते विहीर दाखवत आहेत. मी मान फिरवली. पाहुणे उपाशी असताना सत्कारमूर्तीने तोंड चालवावे, असे माझ्या हातून होणार नव्हते.

पाहुणे दोन वाजून दहा मिनिटांनी आले. ते वाटेत जेवून आले होते.

रक्तातील साखर उतरू लागली की घाम येतो, हात कापतात, आणि माणूस विनाकारण चिडतो, भांडतो. हे लक्षण इतरांच्या बाबतीत फार उपयोगी पडते. सर मला नंतर म्हणाले, "तुमच्यावर ते चालत न्हाई, गुरुजी. तुमी जेवूनबी भांडता." पाहुणे आले तरी भाषणे उरकल्याशिवाय पान वाढले जाणार नव्हते. आठ वक्ते झाले. आठव्याने माझा जन्म परभणीला झाल्याचे सांगितले. मी त्याचे खंडन करण्यासाठी उठलो. "मी परभणीत" एवढे शब्द उच्चारल्याचे मला आठवते. पुढचे मी अंगणवाडीताईच्या तोंडून ऐकलेले आहे, आणि तिची साक्ष मी संपूर्ण गावाच्या साक्षीच्या वर ठेवतो.

ती म्हणते, "सर स्टेजवर चढले न्हाई, सर स्टेजवर उडाले. त्यांच्या आधी सचिव पोहोचले होते, त्यांनी पेढा कोंबला होता. सरांनी तुमाला कुशीवर वळवलं, बोट घालून पेढा काढला, रुमालात ठेवला. मंग म्हणाले, हे कोणी घातलं? सचिव म्हणाले, मी, प्रसाद हाय. सर म्हणाले, जीव घ्यायचा होता का? मी तुमच्या बोटाचं रक्त मशिनवर घेतलं. एकतीस आलं. सरांनी भुकटीत पाणी सोडलं, फिरवलं, ओढलं, तुमच्या धोतरावरूनच मांडीत टोचलं. हात जरासुदिक हालला न्हाई. मंग ते घड्याळाकडं पाहत बसले. लोक तुमचं नाव घेऊन राहिले होते, सचिव म्हणून राहिले होते, पेढा लागू पडून राहिला. तेरा मिनिटं, गुरुजी."

तेरा मिनिटांनी मी डोळे उघडले आणि वाक्य पूर्ण केले: "नव्हे, सेनगावात जन्मलो." त्यानंतर मी उलटी केली. पाहुणे छायाचित्रासाठी माझ्यावर वाकलेले होते, त्यांचा सदरा पांढरा होता, आणि ते छायाचित्र स्मरणिकेत नाही.

सर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "सकाळी काय खाल्लं होतं?"

"दोन बशा पोहे."

"म्हणून वाचले. पेवात माल होता, म्हणून दार उघडल्याचा उपयोग झाला. रिकाम्या पेवावर मी काय केलं असतं? आता उठा आणि जेवा. सारं पेव उपसलंय मी तुमचं." मी विचारले, की माझा स्वतःचा ग्लुकॅगॉन अशा वेळी कोठे होता. सर खळखळून हसले. "तुमचा? तो नको तवा पहाटे उठून दार उघडतो, आणि खरी गरज पडली तवा झोपून राहते. जुन्या मधुमेहात त्याचं असंच होते. म्हणून तं दुसरा थर्मासात घेऊन फिरून राहिलो."

मग पाहुण्यांच्या आधी, सरांच्या हुकमाने, भर व्यासपीठावर मी जेवलो. पाच पोळ्या.

आता मला ती गोष्ट सांगायची आहे जी अंगणवाडीताईने माझ्या ओट्यावर मला सुनावली. सत्कारानंतर महिनाभराने शाळेत कार्यक्रम होता. सचिवांनी माइक घेतला आणि पेढ्याची कथा सांगितली. टाळ्या पडल्या. एका बाईंनी उठून माझ्या पायांना हात लावला. सरांनी वळून माझ्याकडे पाहिले. मी वर पाहिले. तेथे पंखा होता. पेढ्याच्या कथेत मी प्रसादाने वाचलेला पुण्यवान होतो, आणि सरांच्या कथेत तीन गोळ्या परत पाठवणारा हट्टी म्हातारा. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या आवृत्त्या दुरुस्त केल्या; त्या दिवशी जी माझ्या सोयीची होती ती तशीच राहू दिली.

परत येताना सर माझ्यासोबतच चालत आले. माझ्या फाटकाशी थांबून त्यांनी विचारले, "उपाशी का जेवून, गुरुजी?"

"जेवून."

"मंग बोलायला काय झालं होतं?"

एवढेच. त्यानंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही. गेल्या पोळ्यानंतर पंधरा दिवसांनी ते दुपारच्या झोपेतच गेले. मी पोहोचलो तेव्हा वहिनी दारातच होत्या. मी काही विचारण्याआधीच म्हणाल्या, "जेवून गेले, भाऊजी." त्या क्षणी मला हसू आले, त्यांनाही आले, आणि अंगणात जमलेल्या माणसांनी आम्हा दोघांविषयी जी आवृत्ती तयार केली असेल तिच्याशी मला कर्तव्य नाही.

ग्रामसभेत सचिव म्हणतील, की गुरुजी त्या वेळी बेशुद्ध होते, त्यांची साक्ष कशी धरायची. मुद्दा बिनतोड आहे, आणि तो त्यांना सुचेल हे मला आधीपासून माहीत आहे. ते म्हणतील, की ताई सरांची शिष्या. म्हणतील, की पेढा जिभेवर विरघळल्याचे त्यांनी स्वतः पाहिले. त्यांना मी पुरेसे बोलू देणार आहे. ताईला मी पहिल्या रांगेत, सरांच्या जागी, थर्मास मांडीवर घेऊन बसायला सांगितले आहे. आणि मी जाताना कपाटातली एक बरणी सोबत नेणार आहे.

सत्काराच्या तिसऱ्या दिवशी सर माझ्याकडे आले होते. प्रयोगशाळेत बेडूक ठेवतात तसल्या घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत त्यांनी एक वस्तू आणली होती, आणि बरणीवर आपल्या वळणदार अक्षरात चिठ्ठी डकवली होती: 'नमुना: पेढा. ठिकाण: गुरुजींचा डावा गाल.' बरणी टेबलावर ठेवून ते म्हणाले, "सांभाळा. कवा तरी कामाला येईल." मी ती कपाटात ढकलली, पुस्तकांच्या मागे, जेथे माझीही नजर जाऊ नये. ताई गेल्यावर काढली. आतला ऐवज आता दगडासारखा टणक झाला आहे. मिठाईवाल्याने उठवलेला फुलाचा ठसा पाकळी न् पाकळी मोजता येईल इतका स्पष्ट आहे, आणि ठशाच्या मधोमध दाबून बसवलेला वेलदोड्याचा दाणा जागचा हललेला नाही.

पेढा अख्खा आहे.